सलग ओटा आणि एक पाट

‘मावशी, तू आधी स्टाइल ठरव. ती ठरली की बाकीचं आपोआप जागच्या जागी बसतं.’

माझा भाचा इंटिरिअरची कामं घेतो. हे वाक्य तो इतक्या खात्रीनं म्हणतो, की आपण आजवर स्टाइल न ठरवताच जेवत आलो याची ऐकणाऱ्याला लाज वाटावी. आमच्या ठाण्याच्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं करून घ्यायचं ठरलं, तेव्हा तो टॅब घेऊन बसला आणि एकामागून एक चित्रं दाखवू लागला. मिनिमलिस्ट, स्कँडिनेव्हियन, जपांडी, इंडस्ट्रियल आणि शेवटी त्याच्या खास पसंतीचं ‘कंटेम्पररी’. पांढरी नाहीतर राखाडी दारं, एकाही दाराला मूठ नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच सलग ओटा, त्यावर एक फुलदाणी आणि तीन लिंबं. हॉलकडची भिंत गायब. चाळीसेक चित्रं तरी मी पाहिली असतील. त्यांतल्या एकातही पोळपाट नव्हता.

त्याला तिथल्या तिथं उत्तर द्यायचं राहून गेलं, कारण दूध उतू चाललं होतं. ते उत्तर आता देते.

आधी एक गोष्ट साफ करते. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. चुलीच्या धुरानं डोळे गेलेल्या आणि उकिडवं बसून गुडघे गेलेल्या बायका मी आमच्याच घरात पाहिल्या आहेत. उभ्या ओट्यानं आणि गॅसनं आमच्या आयांचं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्या व्याख्यानमालेनं केलं नाही. ट्रॉल्या आल्या तेव्हाही मला आनंदच झाला होता. खालच्या फडताळात डोकं खुपसून मागचा रव्याचा डबा चाचपायचे दिवस संपले. तेव्हा नव्याशी माझं भांडण नाही. भाचा ज्याला कंटेम्पररी म्हणतो ते मुळात कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आलं, हे तो विसरलाय. उत्तराचा चेहरा तेवढा त्यानं घरी आणलाय.

तो चेहरा कुठला ते बघा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहरानं अर्न्स्ट माय या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली सामान्य नोकरदारांसाठी वसाहती बांधायला घेतल्या. त्या घरांच्या स्वयंपाकघराचा आराखडा १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या बाईंनी केला. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. खोली केवढी? साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचं आणि किमान १.८ मीटर रुंद असावं, असं म्हटलंय. माझं आहे ९ बाय ७ फूट, म्हणजे सहा चौरस मीटरच्या जरा आत. फ्रँकफुर्टचं ते आणि ठाण्याचं हे, दोघी सख्ख्या बहिणी शोभतील.

एवढ्याशा जागेत या बाईंनी काय केलं? रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातला चिंचोळा मुदपाकखाना कसा चालतो ते पाहिलं. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेनं १९१३ साली गृहव्यवस्थेवर पुस्तक लिहून शेगडी, टेबल आणि कपाट यांच्यामधली पावलं मोजायला शिकवलं होतं, ते वाचलं. मग घड्याळ आणि फूटपट्टी घेऊन कामं मोजली. त्यातून जे निघालं त्यात तांदूळ, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण होते. खण ओढायचा आणि त्यातूनच थेट भांड्यात ओतायचं. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्यात कीड लागत नाही असा अनुभव होता. सिंकवर धुतलेल्या ताटल्या निथळायला जाळी होती. खिडकीपाशी कामाचं टेबल आणि त्याच्यापुढं बसायला एक फिरतं स्टूल. हॉलकडं सरकतं दार, म्हणजे खेळणाऱ्या पोरावर नजर राहील. रंग निळसर, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली आणि त्यांतलं एक आज न्यू यॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे.

शुटे-लिहोत्स्कीबाईंनी तोवर स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. व्हिएन्नात आई करायची, फ्रँकफुर्टमध्ये त्या खाणावळीत जेवायच्या. हे त्यांनीच पुढं मोकळेपणानं सांगितलं. भाचाही स्वयंपाक करत नाही आणि त्याबद्दल मी त्याला बोल लावत नाही. पण बाईंना जे ठाऊक नव्हतं ते त्यांनी मोजून घेतलं. भाच्यानं ते चित्रावरून घेतलं.

त्या स्वयंपाकघरातलं आज काय उरलं? सलग ओटा उरला, सपाट दारं उरली, भिंतीत बसवलेली कपाटं उरली. बसायचं स्टूल गेलं. ओतायचे खण गेले. ताटल्या निथळायची जाळी, म्हणजे आपलं ताटाळंच की, तेही गेलं, कारण ओली ताटं चित्रात बरी दिसत नाहीत.

अमेरिकेत १९२९ साली ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी लिलियन गिलब्रेथ या बाईंनी असंच मोजमाप केलं होतं. चाचणीला पदार्थ घेतला स्ट्रॉबेरी शॉर्टकेक, आणि मांडणी बदलून तो करायला लागणारी पावलं २८१ वरून ४५ वर आणली. आपण आपली चाचणी घ्यायची तर पुरणपोळी घ्यावी. कुकरमधली डाळ चाळणीवर उपसायची, कटाचं पाणी जपून ठेवायचं, गूळ घालून जड पातेल्यात आटवत राहायचं, पुरणयंत्र कशावर तरी घट्ट टेकवून फिरवायचं, कणीक तिंबायची, उंडे भरून हलक्या हातानं लाटायचं आणि ती थरथरती पोळी न फाटू देता तव्यापर्यंत न्यायची. पोळपाट आणि तवा यांच्यात चार फुटांचं अंतर असेल तर ती फाटतेच. स्वयंपाकघराची परीक्षा घ्यायला याहून चांगला परीक्षक मला माहीत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याच्या मापानं लाखो मुलींना हाताशी धरलं, कारण ती मापं प्रत्येकीच्या घरात होती. स्वयंपाकघराचं मापही घरातच असतं. माझ्या घरातलं मला फार उशिरा दिसलं.

आमच्याकडं पोळ्यांना काकू येतात. सकाळी सव्वासातला येतात, चप्पल दारात काढतात, आणि सिंकखालून एक पाट ओढून ओट्यापुढं ठेवून त्यावर उभ्या राहतात. पाट माझ्या लग्नातला आहे, पितळी फुल्यांचा. त्यावर बसून जेवणारे आम्ही सगळे केव्हाच टेबल-खुर्चीवर गेलो आणि पाटावर काकू उभ्या राहिल्या. सहा वर्षं मी हे रोज बघत होते. पाट कशाला, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. भाच्याच्या चित्रांनी डोकं फिरल्यावर एक दिवस टेप घेऊन गेले आणि विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘ओटा उंच पडतो ना ताई.’

मग मापं घेतली. काकूंची उंची ४ फूट १० इंच. हात सैल सोडून कोपरात वाकवला तर कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर. ओटा ३४ इंच, त्यावर पोळपाट २ इंच. म्हणजे पाट नसेल तर लाटणं बरोबर कोपराच्या रेषेत येतं. लाटणाऱ्यानं स्वतःवरच करून पाहावं. हात कोपराच्या सहा-सात इंच खाली असतील तर अंगाचं वजन आपसूक लाटण्यावर उतरतं. हात कोपराइतके वर असतील तर वजन उतरत नाही, खांदे कानांकडं चढतात आणि सगळा जोर मनगटाला आणि मानेला लावावा लागतो. काकू आमच्याकडं वीस पोळ्या करतात. आमच्यानंतर अजून चार घरं. पाच घरांतले पाच ओटे, आणि त्यांतला एकही त्यांना विचारून बांधलेला नाही. ‘बाकीच्या घरी पाट आहे का?’ असं विचारलं. एका ठिकाणी आहे, एका ठिकाणी जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेत, दोन ठिकाणी काही नाही. मान दुखते, पण ती वयामुळं, असं त्यांचं मत.

आता भाच्याचा आराखडा बघा. त्यानं ओटा ३४ चा ३६ केला होता. का? तर डिशवॉशर ओट्याखाली घालायचा. डिशवॉशर साधारण ३४ इंच उंच असतो. वर दगडाची जाडी धरली की ३६ होतात. डिशवॉशरची जागा तेवढी उंच करून बाकीचा ओटा खाली ठेवता आला असता, पण कंटेम्पररीत रेष तुटता कामा नये. म्हणून एका कोपऱ्यातल्या यंत्रापायी आख्खा ओटा दोन इंच वर. यंत्र दिवसातून एकदा चालणार, तेही रात्री, आम्ही झोपल्यावर.

सलग रेषेचा हा हट्ट शरीराच्या विरोधात जातो, आणि माझा खरा राग इथं आहे. स्वयंपाकाला एक उंची पुरत नाही. सिंकचा तळ ओट्याच्या आठ-नऊ इंच खाली असतो, म्हणून सिंक उंच हवं, नाहीतर भांडी घासताना कंबर मोडते. लाटायला, तिंबायला, किसायला ओटा खाली हवा. शेगडी ओट्यावर ठेवली की तीच चार-पाच इंच उंच, वर कढई, त्यामुळं ठेंगण्या बाईला कढईत काय चाललंय ते टाचा वर केल्याशिवाय दिसत नाही. इथं मी भाच्याला एक गुण देते. ओट्यात बसवायच्या हॉबमुळं ते चार इंच वाचतात. (दूध उतू गेल्यावर तो पुसायचा कसा, हे मात्र त्यानं स्वतः एकदा करून दाखवावं.)

‘दोन उंचीचा ओटा वाईट दिसतो गं,’ भाचा म्हणाला. कुणाला वाईट दिसतो? दारात उभं राहून फोटो काढणाऱ्याला. ओट्यापुढं उभ्या असलेल्या बाईला तो दिसत नाही, तिला तो लागतो.

आणि ओट्यापुढं उभं कोण असतं ते तर सरकारनंच मोजून ठेवलंय. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७, असं आढळलं. त्या २९९ मिनिटांत झाडलोटही आली, धुणंही आलं, सगळंच स्वयंपाकाचं नव्हे. पण घराची चित्रं बघायला बसताना टॅब कुणाच्या हातात होता हे मला आठवतं. भाचा, माझे यजमान आणि जावई असे तिघं सोफ्यावर होते. मी मधूनमधून येऊन बघत होते.

यावर भाच्याचा हुकमी एक्का असा, की ‘मावशी, आता एवढा स्वयंपाक करतं कोण? पोळीवाली येते, अर्धं बाहेरून मागवतो.’ हा एक्का त्याच्याच हातावर पडतो. घरची माणसं कमी राबत असतील तर तिथं दुसरी कुणीतरी राबतेय. घरची बाई निदान तक्रार करू शकते, नवऱ्याच्या मागं लागून ओटा फोडून घेऊ शकते. पगारी बाई पाट शोधते. पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांचं समकालीन वास्तव काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की स्वयंपाकघर निवडणारं एक असतं आणि त्यात उभं राहणारं दुसरं.

मुठी नसलेल्या दारांकडं येते. मूठ नाही म्हणजे दाराच्या वरच्या कडेला खाच असते, तिच्यात बोटं घालून ओढायचं, किंवा दार दाबलं की टचकन उघडतं. कणकेनं बरबटलेल्या चार बोटांनी ती खाच एकदा उघडून पाहा. कणीक त्या खाचेत जाते, वाळते, आणि पुढं ती काढायला टूथब्रश लागतो. मूठ असली की करंगळीनं, कोपरानं, अगदी पायाच्या अंगठ्यानंही ट्रॉली ओढता येते. आम्ही सगळ्याजणी ओढतो. दाबून उघडणारं दार त्याहून कठीण. सात फुटी खोलीत दोन माणसं एकमेकांना ओलांडून गेली की कुणाचा तरी कमरेचा धक्का लागतो आणि चमच्यांची ट्रॉली आपण होऊन बाहेर येते. बहिणीकडं हे झालंय. तिनं शेवटी त्या ट्रॉलीला दोरी बांधली.

आणि तो रिकामा ओटा! सगळं आत, बाहेर काही नाही. मिक्सर आत गेला की घरातली ओली चटणी महिनाभरात बंद होते, हा माझा चार घरांतला अनुभव आहे. पाच किलोचं धूड वाकून काढायचं, दोन मिनिटं फिरवायचं, धुऊन परत वाकून ठेवायचं, त्यापेक्षा लोणच्यावर भागतं. मिसळणाचा डबा, तेलाची बरणी, पकड, झारा, उलथनं यांना हाताच्या टप्प्यात राहू द्या. फोडणीत मोहरी तडतडल्यापासून हिंग-हळद पडेपर्यंत किती सेकंद असतात? तेवढ्यात दार शोधायचं की डबा?

कंपन्यांच्या तयार ट्रॉल्यांत ‘कप-सॉसर बास्केट’ नावाचा एक प्रकार असतो. आमच्याकडं बशा उरल्या नाहीत, चहा मगात पितात. पण ती बास्केट प्रत्येक कोटेशनमध्ये असते. परात मात्र कुठल्याच बास्केटमध्ये मावत नाही. माझी परात १८ इंचांची, तिची जागा फ्रिजच्या मागं. नव्या आराखड्यातही ती फ्रिजच्या मागंच होती.

आता भिंत पाडण्याचा मुद्दा. यात भाच्याची बाजू सगळ्यांत बळकट आहे, म्हणून ती नीट मांडते. बंद स्वयंपाकघरात बाई एकटी पडते. बाहेर गप्पा रंगतात, हशा ऐकू येतो, आणि ती आत भजी तळत असते. फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरावरही पुढं हाच ठपका आला, की एकाच माणसाच्या मापाचं करून बाईला त्यात कोंडलं. हे मला मान्य आहे, शंभर टक्के. पण भिंत पाडल्यावर काय होतं तेही बघू. हॉलमधल्या पंख्याचा वारा थेट गॅसवर येतो, ज्योत आडवी पडते, कढईचा एकच कान तापतो. मग पंखा बंद करा, की पाहुणे घामाघूम. मिरचीच्या ठेच्याचा ठसका सोफ्यावरच्या सासऱ्यांना लागतो. आमच्यात सुकट भाजतात. सुकटीचा वास पडद्यात आठवडाभर मुक्काम करतो.

चिमणीचं सांगतात. चिमणीची ताकद घनमीटरच्या आकड्यांत छापलेली असते, पण धूर बाहेर जातो तो नळीतून. नळी जितकी लांब आणि तिला जितके वळसे, तितका तो आकडा कागदावरच राहतो. ओपन किचन खोलीच्या मधोमध आलं की नळी छतालगत पंधरा फूट फिरवावी लागते. नळीशिवायची चिमणी हवा गाळून परत खोलीतच सोडते. वाफ आणि उष्णता जिथल्या तिथं.

मधोमध आयलंड हवं, असंही निघालं. साधा हिशेब आहे. भिंतीलगतचा ओटा दोन फूट, पुढं उभं राहायला तीन, आयलंड दोन, पलीकडं पुन्हा तीन. झाले दहा फूट. माझी खोली सात फूट रुंद. आयलंड ठेवायचं तर मला गॅलरीत उभं राहावं लागेल.

एकटेपणावर उपाय आहे आणि तो त्या १९२६ च्या आराखड्यातच होता, सरकतं दार. आम्ही आता हॉलकडची भिंत कमरेपर्यंत ठेवून वर सरकत्या काचा घेतल्यात. गप्पा चालू असताना उघड्या, सुकट भाजताना बंद. भाच्याला ही तडजोड वाटते.

गॅसच्या बाबतीत मात्र तडजोड नको, आणि हे मी दर दुसऱ्या घरात चुकलेलं बघते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवणार त्याच्या दाराला खालच्या अंगाला जाळी किंवा भोकं हवीतच. पाइपचा गॅस मुख्यत्वे मिथेन, तो हलका, वर चढतो, त्याला वरून वाट हवी. सपाट, गुळगुळीत, फटही न दिसणारं दार सिलिंडरपुढं लावणं म्हणजे गळलेला गॅस जपून ठेवण्यासारखं आहे. जाळीचं दार स्टाइलमध्ये बसत नाही, असं उत्तर मला मिळालंय. शोरूमचं नाव घेत नाही.

पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्याबद्दल थोडक्यात. क्वार्ट्झचा चुरा आणि रेझिन एकत्र दाबून तो दगड करतात. रेझिनला उष्णता सोसत नाही, तेव्हा तापलेली कढई थेट टेकवली की डाग कायमचा. हळदीचं तर विचारूच नका. डागावर साबण लावला की तो आधी लाल होतो आणि बाई घाबरते. उन्हात हळदीचा रंग उडतो हे खरं, म्हणून फडकी वाळत टाकता येतात. ओटा वाळत टाकता येत नाही. पण याहून गंभीर गोष्ट दगड कापणाऱ्याची आहे. त्या दगडात सिलिकाचं प्रमाण फार असतं, कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी. आपल्याकडं ओट्याचा दगड जिन्यात, पार्किंगमध्ये कोरडाच कापतात, आणि कापणाऱ्या पोराच्या तोंडाला फार तर रुमाल असतो. मी काळा ग्रॅनाइट घेतला आणि पाणी मारत कापायला लावलं. त्यावर पीठ सांडलं तर दिसतं, आणि दिसलं की पुसलं जातं.

आमच्या आधीच्या ट्रॉल्यांचं सिंकखालचं दार दुसऱ्याच पावसाळ्यात पावासारखं फुगलं होतं. ज्यांनी करून दिल्या त्यांना फोन केला, तर म्हणाले, ‘मॅडम, पाणी लागलं असणार.’ सिंकखाली पाणी लागू देणं हा माझा गुन्हा. तेव्हापासून मी रंग शेवटी बघते. आधी प्लायवुडवर आयएस ७१० चा शिक्का आहे का, कापलेल्या कडा चारी बाजूंनी बंद केल्यात का आणि ओट्याच्या पुढच्या कडेखाली पाणी तुटायला खाच मारली आहे का, ते बघते. आपण ओटा नुसता पुसत नाही, धुतो. खाच नसेल तर ते पाणी दगडाच्या पोटाला चिकटून थेट दारांवर उतरतं.

राहता राहिला ‘विकताना चांगली किंमत येते’ हा मुद्दा. आमच्या इमारतीत गेल्या काही वर्षांत तीन घरं विकली गेली. तिन्ही ठिकाणी नव्या मालकांनी पहिल्या आठवड्यात फोडलं ते स्वयंपाकघर.

भाचा शहाणा आहे, आणि माझा लाडकाही. आठ दिवस तणतणला, मग सुधारलेला आराखडा घेऊन आला. डिशवॉशर ड्राय बाल्कनीत. ओटा ३४ इंचच. खिडकीपाशी अडीच फुटांचा तुकडा २८ इंचांवर, त्याखाली ट्रॉली न ठेवता मोकळी जागा, म्हणजे मला भाजी निवडायला स्टूल घेऊन बसता येईल. दारांना मुठी. परातीसाठी सिंकशेजारी उभा खण. रंग त्यानं त्याच्या मनानं घेतलाय, कसलासा राखाडी. त्यावर मी काही बोलले नाही.

मागच्या आठवड्यात काम संपलं. काकूंनी पहिल्या दिवशी त्या खालच्या ओट्यावर पोळपाट ठेवला, दोन पोळ्या लाटल्या, खांदे हलवून पाहिले आणि म्हणाल्या, ‘बरं आहे हे.’ मी मोठ्या ऐटीत पाट उचलला आणि माळ्यावर टाकायला निघाले.

‘राहू द्या ताई,’ काकू म्हणाल्या. ‘वरच्या कपाटातलं तूप काढायला लागतो तो.’

वरची कपाटं मी मोजलीच नव्हती.